काकूंच्या चादरीवरचा बेडूक

ऐंशीच्या दशकात टेक्सासमध्ये मी काचबेडकांवर पीएचडी करत होते. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसतं. मी मात्र तो फक्त अल्कोहोलच्या बाटलीतच पाहिला होता.

कोस्टारिकाच्या जंगलात जायची वेळ आली तेव्हा प्रोफेसरांनी माझ्या नागपूरकर ज्युनियरला पाठवलं. मला म्हणाले, "यू आर सो गुड विथ द जार्स." तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते तो परत येईपर्यंत. चिखल तुडवायला तो, बाटल्या पुसायला मी.

तो आल्यावर जवळच्या शुगर लँड गावातल्या आमच्या ओळखीच्या मराठी काकूंनी सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मसालेभात झाल्यावर पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली आणि त्याने स्लाइड्स सुरू केल्या.

"हा बघ तुझा बेडूक," तो म्हणाला. "डोंगराच्या पश्चिमेला सापडला यार."

ही जात फक्त पूर्वेच्या उतारावर राहते, डोंगर ओलांडत नाही, यावर माझा अख्खा प्रबंध उभा होता. मग स्लाइडमध्ये बेडकाच्या पायाची हाडं दिसली. हिरवीगार. मला इतका आनंद झाला की लपवता येईना.

"हा तो नव्हेच," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "माझ्या बाटल्यांमधल्या एकूण एक बेडकांची हाडं पांढरी आहेत. तुझी जात चुकली."

काकू त्याच्याकडे बघायला लागल्या. तो जरा घुटमळला.

"अगं, बाटलीत गेल्यावर पांढरी पडतात ती. पूर्वेकडचे पण मी जिवंत बघितले ना. सेम हिरवी."

कातडीचा रंग अल्कोहोलमध्ये उतरतो, हे नवख्यांना मीच शिकवायचे. हाडांचाही उतरत असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. तो वाद घालत बसला असता तर बरं झालं असतं. त्याने हळूच विचारलं, "पुढची लावू?"

मी नको म्हटलं. प्रबंध बुडाल्याचं दुःख नंतर, घरी गेल्यावर झालं. त्या वेळी एकच गोष्ट आत जळत होती. इतकी वर्षं ज्यांची हाडं मोजली, त्यांचा खरा रंग मला काकूंच्या चादरीवर दिसत होता, आणि तोही त्याने दाखवला म्हणून.