सायीच्या रंगाचा कागद

"सरकारले लिहून राह्यले, का माणसाले?" लोणारच्या त्या कागदविक्रेत्याकडे कागद मागितला, की आधी हा प्रश्न येई. आपल्यापैकी जे त्या दुकानाची पायरी चढले असतील, त्यांना तो आठवेलच.

सरकारसाठी ते पांढराशुभ्र कागद देत. माणसासाठी सायीच्या रंगाचा. मग त्याच्या कोपऱ्यात टाकाने चार शायांच्या रेघा ओढून तो उजेडाकडे तिरपा धरीत. "काळी याच्यावर ओरडते. हिरवी उपरी वाटते. निळी चालते. तपकिरी बसते."

मी निवृत्त न्यायालयीन लिपिक. रस्ते, दिवे, गटारे यांविषयीच्या माझ्या तक्रारी नेहमी पांढऱ्यावर, काळ्या शाईत आणि लाल अधोरेखांसह जात.

दुसरबीडच्या थोरल्या भावाने सामाईक विहिरीवरची माझी पाण्याची पाळी बंद केली, तेव्हा नोटिशीसाठी मी पांढरा कागद आणि लाल शाई मागितली. नोटीस कोणाला, हे कळताच त्यांनी सायीचा कागद आणि तपकिरी दौत पुढे केली. लाल दौत फळीवर दिसत असूनही देईनात. विक्रीस ठेवलेली वस्तू नाकारणे हा अन्याय असून मी ग्राहक मंचाकडे तक्रार करीन, असे मी बजावले.

"करा ना, साहेब. त्याच्यासाठी पांढरा देतो," असे म्हणून त्यांनी खरोखरच एक पांढरा ताव माझ्यापुढे सरकवला.

शेवटी सायीचे काही ताव आणि ती तपकिरी दौतच घेतली आणि घरी येऊन मी संतापातच नोटिशीतल्या तीन मागण्या लिहिल्या. परंतु त्या फिकट कागदावर तपकिरी अक्षरे वडिलांच्या जुन्या पत्रांसारखी दिसू लागली. लहानपणी मला वाचता येत नव्हते, तेव्हा ती पत्रे दादाच वाचून दाखवीत असे. मी चौथी मागणी लिहिली : 'आपल्या गुडघ्याची प्रकृती उलट टपाली कळवावी.'

पाचव्या दिवशी दादा एसटीने आला, पाय ओढत, नोटीस खिशात घेऊन. "चौथीचं उत्तर द्याले आलो," तो म्हणाला. "बाकी तीन मंजूर."

हे सांगायला मी दुकानात गेलो. त्यांनी एवढेच विचारले, "बसली ना तपकिरी?"

यंदा ते गेले. त्यांच्या पत्नीला सांत्वनपत्र लिहायला बसलो, तर सायीच्या रंगाचा एकच ताव उरला होता. नेमका त्यांनी रेघा ओढून दाखवलेला. डाग पडलेला कागद मी आयुष्यात कोणाला पाठवलेला नाही. कोपरा कापण्यासाठी कात्री घेतली आणि परत ठेवली. चौथ्या, तपकिरी रेघेच्या खाली, त्याच शाईने, मायना घातला.