मढच्या समुद्रातली आमची शेती

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं एका कामाला जुंपली आणि ते काम वर्षानुवर्षं जमेना, की ते आपोआप साचत जातात. आमचं काम तर समुद्रात शेती करायचं होतं, मग काय विचारता!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत मी ड्रॉइंग काढायचे. मढच्या किनाऱ्यापासून बरंच आत, उघड्या समुद्रात लोखंडी ड्रमांचा तराफा नांगरायचा, त्याला दोर लोंबते सोडायचे आणि दोरांवर शिनाणे, म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले, वाढवायचे. खाडीत हे सोपं. उघड्यावर लाटा तराफ्याला रात्रंदिवस पिळतात, कुठला ना कुठला जोड सुटतोच.

आमचे साहेब कांबळे सर, जालन्याकडचे इंजिनीअर. तराफा बांधणारा परब मूळचा कणकवलीचा, त्याचं वर्कशॉप चारकोपला. आणि आम्हाला होडीने नेणारे मढचे फिलिप नाखवा. एवढाच आमचा कारभार.

*

शिनाण्यांची पिल्लं दोराभोवती पसरून वर कापड गुंडाळायचं. ती दोराला चिकटली की कापड कुजून गळून पडायला हवं. मी घाटकोपरला कापड आणायला गेले. दुकानदाराने थानावर थान उलगडलं. "ताई, हे टेरिकॉट बघा. वर्षानुवर्षं काही होणार नाही!"

म्हटलं, "मला पाण्यात लवकर कुजणारं हवंय."

त्याने हात आखडला. माझ्याकडे नीट बघितलं आणि आतल्या भावाला हाक मारली, "अरे, तो दिवाळीच्या सेलचा माल काढ रे!"

*

मढला तेव्हा सारखी शूटिंगं चालायची. एकदा एक असिस्टंट डायरेक्टर होडी करून थेट आमच्या तराफ्यापाशी आला. राजा-राणीचा सीन होता आणि मागे आमचे नारिंगी ड्रम दिसत होते.

"सर, हे जरा बाजूला सरकवा ना, यार. फक्त दुपारपुरतं!"

कांबळे सर नांगराची साखळी तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "अहो, हे सरकू नयेत याचाच तर आम्हाला पगार मिळतो!"

*

एका हिवाळ्यात तराफा एका बाजूने बुडायला लागला. ड्रममध्ये पाणी शिरलं असणार, म्हणजे वेल्डिंग फुटलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. परबाचा चेहरा उतरला. "सायबानू, माझो वेल्ड असो फुटाचो नाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

समुद्रावर जाऊन ड्रमांची झाकणं उघडली. आत सगळे कोरडे! मग त्या बाजूचा एक दोर वर ओढायला गेलो, तर तिघांनाही हलेना. दोर दिसतच नव्हता, नुसते शिनाण्यांचे घोस. त्या वजनानेच तराफा खाली चालला होता.

कांबळे सर मटकन बसले आणि हसत सुटले. "पीक आलं म्हणून बुडणारे शेतकरी आपणच रे!"

परब मात्र हसला नाही. त्याने डोळे पुसले आणि विडी पेटवली.

*

कांबळे सरांची आई गावाहून आली होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेली बाई. तिला मढच्या किनाऱ्यावर नेलं. तिने नजर पार क्षितिजापर्यंत फिरवली. मग म्हणाली, "हे एवढं समदं कुणाच्या मालकीचं रं?"

"कुणाच्याच नाही, आई."

"मग कर बाबा हितंच शेती. हितनं तुला कुणी उठवायचं न्हाई."

सर म्हणाले, "आई, दर वर्षी लाटाच उठवतात गं!"

*

पावसाळ्याआधी तराफा ओढून खाडीत आणायचा, हा आमचा नियम. एका वर्षी मे महिन्यातच वादळ आलं. साखळी तुटली आणि तराफा दिसेनासा झाला. वरिष्ठांनी आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा पीक हाती लागलं नाही तर प्रोजेक्ट बंद. कांबळे सर दिवसभर किनाऱ्यावर उभे होते. जेवायलाही हलले नाहीत.

समुद्र जरा निवल्यावर फिलिप नाखवा शोधायला गेले. तराफा वाहत पार खारदांड्याच्या समोर पोचला होता. निम्मे ड्रम गेलेले, दोर एकूण एक तुटलेले. आणि वर दोन माणसं, लोखंडाला कंबरेच्या फडक्याने बांधून घेतलेली! त्यांची होडी वादळात उलटली होती. पोहून थकल्यावर हे धूड समोर आलं, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यातला एक जण बायकोला घेऊन अंधेरीच्या ऑफिसात आला. आम्ही सामान आवरत होतो. तो टेबलाची कड चाचपत उभा राहिला. बायकोनेच विचारलं, "साहेब, त्या तराफ्यावर तुम्ही काय पिकवता?"

"शिनाणे, बाई. पण यंदा काही हाती लागलं नाही," कांबळे सर म्हणाले.

तिने नवऱ्याचा दंड धरून त्याला पुढे केलं.

"काय नाय कसं? ह्यो काय!"