दोघांत एक घोडा

‘आवाज आला पाहिजे,’ मास्तर म्हणाले.

मी मारलं होतं. पण हळू. गालाला नुसता हात लावल्यासारखं. समोर माझा भाऊ उभा होता, बुध्या. आठ वर्षांचा असेल. मी दहा-अकराची. आमच्या पाड्यावर वर्षं कोण मोजतंय? तरटावर बसलेली सहा पोरं माना वर करून बघत होती. मास्तर खुर्चीत, मांडीवर गोष्टीचं पुस्तक उपडं ठेवलेलं.

‘पुन्हा मार. नाही आला आवाज, तर कसा काढायचा ते मी दाखवतो तुला.’

मी पुन्हा मारलं. आवाज आला. पोरं हसली.

‘हां. ही एक झाली. अजून सहा.’

सात थपडा एकट्या बुध्याला का, ते सांगते. वर्गात रीतच होती. मास्तर प्रश्न विचारायचे. ज्याला उत्तर यायचं, त्यानं न येणाऱ्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यायची. ती पोरं एकमेकांना मारायची, खिदळायची, त्यांचा तो खेळच होता. त्या दिवशी बुध्या धरून सातांपैकी कुणालाच उत्तर आलं नाही. मला आलं. मी पायरीवर बसले होते, वहाणा काढतात तिथं. तोंडातून निघून गेलं. मास्तरांनी भुवया वर केल्या आणि म्हणाले, ‘अरे वा! ए पायरीवाली, ये आत.’

मी आत गेले. पहिल्यांदा उंबरा ओलांडला. पहिला पोरगा फौजदाराचा. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, कारण रीत तीच होती. तो मागं सरकला, ‘शी’ म्हणाला.

‘थांब!’ मास्तर ओरडले. ‘यांना हात लावायचा नाही तू. यांच्या वाटच्या सगळ्या तुझ्या भावाला दे.’

म्हणून सात.

त्या वेळी जव्हारला राजाचं राज्य. आमचा पाडा जामसरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. नागली, थोडा भात, बाकी रान. आणि वेठ. दरबारचा कुणी साहेब दौऱ्यावर निघाला, की पाड्यातून माणसं बोलवायची, त्याचं सामान डोक्यावर देऊन घाट चढवायचा. एका वर्षी बा लोखंडी पेटीसकट घाटात पडला. पाय मोडला, वाकडाच बसला. तेव्हापासून शिपायाचा पट्टा लांबून दिसला तरी आय चुलीपुढची उठून दाराआड जायची. अजून एकदा नेला तर हा माणूस परत यायचा नाही, हे तिला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं.

मग एकदा पाटील आला. म्हणाला, दरबारला शाळेत पोरं पाहिजेत, पाड्यातून एक. मी आणि बुध्या अंगणात उभे. पाटलानं आम्हा दोघांकडं बघितलं. बाला म्हणाला, ‘एकच पाहिजे. पोरगा दे. पोरगा शाळेत बसतोय तोवर तुला वेठीला बोलावत नाही.’

झालं. बुध्याला टोपी मिळाली. पाटी मिळाली. मला काय? दुसऱ्याच दिवशी बुध्या रडत रानातून पळून आला. आयनं मग मला त्याच्याबरोबर धाडलं. म्हणाली, ‘तू पायरीवर बस. पळाला तर धर. शाळा सुटली तर बा गेला, ध्यानात ठेव.’

तर माझं काम भाऊ राखायचं. मास्तरांनी शिवाय अंगण झाडायचं काम लावलं, वहाणा ओळीनं मांडायचं लावलं. नाव कधी विचारलं नाही.

मास्तर पुण्याहून शिकून आले होते. नव्या पद्धतीनं शिकवतो म्हणायचे. त्यांनी एक जाड पुस्तक आणलं होतं, पोरांसाठीची लांबलचक गोष्ट. दोन भाऊ. बाप मोठा श्रीमंत. बाप एक पांढरा घोडा आणतो आणि म्हणतो, हा तुम्हा दोघांना. थोरला धाकट्याला बसू देत नाही. धाकटा रागानं दोर सोडतो, घोडा रानात जातो. मग दोघांची अशी जुंपते की बास! मास्तर रोज थोडं वाचायचे आणि मग त्यावर काहीबाही करायला लावायचे. कुणी थोरला व्हायचं, कुणी धाकटा, आणि भांडून दाखवायचं. पाटीवर घोडा काढायचा. धाकट्यानं थोरल्याला चिठ्ठी लिहिली तर काय लिहील, ते सांगायचं. मला ते भारी आवडायचं हो. मी पायरीवर बसून मनात चिठ्ठ्या लिहायची. अक्षरं बुध्याच्या पाटीवरून, घरी जाताना, बळंच हिसकावून शिकले होते.

एकदा मास्तरांनी विचारलं, ‘घरी तुम्ही भावंडं कशावरून भांडता?’

कुणी म्हणालं लाडवावरून. कुणी म्हणालं, झोपाळ्यावर कोण बसणार यावरून. बुध्याला उठवलं. तो खरं बोलला. ‘घोंगडीवरून. एकच हाय.’

काय हसली ती पोरं! मास्तरही हसले. बुध्याला कळेना काय चुकलं. तोही थोडा हसला.

आणि थपडांच्या दिवशी प्रश्न होता, ‘धाकट्यानं घोडा का सोडला?’ मास्तरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मत्सरानं. मत्सर म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. पोरं तेव्हा पेंगत होती. मी जागी होते. मी म्हणाले, ‘मत्सरानं.’

आता एक सांगते. हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरी थप्पड मी मास्तरांच्या भीतीनं मारली नाही. पहिलीला आवाज आला, पोरं हसली, आणि मला बरं वाटलं होतं. तू टोपी घालून आत बसतोस ना? तुला काही येत नाही ना? मला येतंय, आणि मी बाहेर. घे मग. अशी मारली. तिसरीही तशीच. चौथीला त्याच्या नाकातून रक्त आलं. मी मास्तरांकडं बघितलं. ते बोटं मोजत होते. उरलेल्या तीन मी डोळे मिटून मारल्या.

घरी जाताना बुध्या माझ्यामागं पंधरा पावलं चालत होता. ओढ्यावर त्यानं तोंड धुतलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘बाय, उद्या तुला येत असंल तरी सांगू नको.’

‘नाय सांगत,’ मी म्हणाले.

घरी आयनं सुजलेला गाल बघितला. मी म्हणाले, पडला. बुध्याही म्हणाला, पडलो.

त्यानंतर मला भीतीचा आजारच लागला. भाकरी उतरेना. मास्तरांनी पुस्तक उघडलं, की मी कान झाकून घ्यायची. पण गोष्ट ऐकू यायचीच, आणि उत्तरही यायचं. मी ओठ दाबून धरायची. मास्तरांना ते दिसायचं. हसून म्हणायचे, ‘येतंय हिला. बोल. नाही बोललीस तर तो उन्हात उभा राहील.’ बोलले तर त्याला थपडा. नाही बोलले तर त्याला ऊन. आणि त्याला घेऊन पळाले तर बाला वेठ. तीन महिने असे काढले. बुध्या माझ्याशी बोलेनासा झाला. निजताना घोंगडी सगळी मला टाकून द्यायचा आणि कुडाकडं तोंड करून पडायचा. भांडायचा पण नाही.

नागली कापून झाली तेव्हा शाळेत परीक्षा घ्यायला साहेब येणार म्हणून निघालं. मास्तरांनी सगळी पोरं घोकून तयार केली. मला अंगण सारवायला लावलं.

साहेब आला. कोट, पागोटं, हातात काठी. बरोबर दोन शिपाई. शिपाई बघितले आणि मी पायरीच्या कोपऱ्यात सरकले. मास्तरांनी नवी पद्धत दाखवली. अर्धी पोरं थोरल्याच्या बाजूची, अर्धी धाकट्याच्या. चूक कुणाची, यावर वाद. ‘धाकट्याची, त्यानं दोर सोडला.’ ‘थोरल्याची, त्यानं बसू दिलं नाही.’ साहेब मान डोलवत होता. मग त्याची नजर माझ्यावर आली.

‘ही कोण?’

‘ती झाडायला येते साहेब. पण गंमत बघा, ऐकून ऐकून हिलाही येतं.’ मास्तर खुशीत होते. ‘ए पायरीवाली, आत ये. सांग साहेबांना, चूक कुणाची?’

मी आत गेले. बुध्या दाराजवळ मातीवर बसायचा, तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता परत. त्यानं आपणहून गाल पुढं केला. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं केला.

ते बघितलं आणि माझ्या आत काय झालं, मला नीट सांगता येत नाही. पण तीन महिने पायरीवर बसून मी त्या घोड्याचाच विचार केला होता, आणि ते आपोआप तोंडात आलं.

‘बापाची,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘चूक बापाची हाय. पोरं दोन, हे त्याला माहीत होतं. घोडा एकच आणला. मग वर बसून भांडण बघत राहिला.’

साहेबानं काठी या हातातून त्या हातात घेतली. मास्तरांचा चेहरा उतरला.

‘चूक!’ ते ओरडले. ‘साफ चूक! पुस्तकात असं कुठंही नाही. बुध्या, इकडे ये. हिला आलं नाही. आता तू दे हिला. आवाज आला पाहिजे.’

बुध्या आला. हात वर केला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याला भीती वाटत होती. पण नुसती भीती नव्हती. त्याला मारायचंही होतं. का नसेल? सात खाल्ल्या होत्या त्यानं, त्यातल्या दोन माझ्या स्वतःच्या रागाच्या. मला माझीच दुसरी थप्पड त्याच्या डोळ्यांत दिसली.

मी त्याचं मनगट हवेतच धरलं.

‘नाय,’ मी म्हणाले. ‘हात खाली घे, बुध्या.’

‘सोड त्याला!’ मास्तर.

मी सोडलं नाही. मास्तरांकडं वळले. माझे दात वाजत होते, खोटं कशाला सांगू. ‘आम्ही एकमेकांला मारणार नाय. मारायचं तर तुम्ही मारा, मास्तर. तुमच्या हातानं मारा.’

मास्तर दोन पावलं पुढं आले आणि थांबले. हात उचलला आणि तसाच ठेवला. त्यांना मला हात लावायचा नव्हता, हे सगळ्या वर्गानं बघितलं. मग त्यांनी छडी घेतली. माझ्या मनगटावर बसली. आवाज आला. दुसरी बसली, तिसरी बसली. मी बुध्याचा हात धरून होते. फौजदाराच्या पोरानं डोळे गच्च मिटून घेतले होते. तोही भितो, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब म्हणाला, ‘पुरे आता, पुढचा विषय घ्या.’ एवढंच म्हणाला. तो चांगला होता की वाईट, मला माहीत नाही. त्यानं चहा घेतला आणि गेला.

बुध्याची टोपी काढून घेतली. पाटी काढून घेतली. नाव खोडलं.

आठ दिवसांत शिपाई आला. बाला वेठीला बोलावलं. आयनं माझ्या पाठीत बुक्के घातले. ‘तुझ्या तोंडानं खाल्लंस गं बाला!’ बा उठला. काठी घेतली आणि निघाला. मी मागून गेले. शिपायानं हाकललं, पुन्हा गेले. घाटाच्या पायथ्याशी बाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं मी माझ्या डोक्यावर घेतलं. अर्ध्या घाटात कुणीतरी उरलेल्या ओझ्याला हात घातला. बुध्या होता. आमच्या मागून चालत आला होता. तिघांनी तो घाट चढला. बा परत आला, पण त्यानंतर त्याला काठीशिवाय उभं राहता आलं नाही. ते माझ्यामुळं झालं, असं आय मरेपर्यंत म्हणायची. मीही रडायची. मग मी तिला विचारायला लागले, ‘माझ्यामुळं का? ओझं कुणाचं होतं?’

बुध्यानं मोठेपणी एकदा विचारलं, ‘मी मारलं असतं का गं, बाय?’

‘मारलं असतंस,’ मी म्हणाले. ‘मी मारलंच होतं.’

आज माझे केस पिकले. राजाचं राज्य गेलं. पण अजून कुणीतरी पाड्यावर येतं, अंगणात दोन पोरं उभी करतं आणि म्हणतं, एकच पाहिजे. भीती गेलेली नाही, ती जाणारही नाही. पण मी आता पोरांकडं बघत नाही. म्हणणाऱ्याकडं बघते आणि विचारते, दुसऱ्याचं काय? उत्तर मिळेपर्यंत त्याला अंगणातून जाऊ देत नाही.

माझा हात माझा आहे. माझ्या माणसावर तो पुन्हा उठणार नाही. उठेल तेव्हा, एक घोडा आणून भांडण बघत बसणाऱ्यावर उठेल.