एन्टर दाबायला मनाई

तमाम संगणकधारकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, धुळ्यातील देवपूर भागात एका डेस्कटॉपचे एन्टर बटण दाबण्यास विसर्जनापर्यंत सक्त मनाई करण्यात आली आहे.

हा हुकूम माझ्यापर्यंत फोनवरून पोहोचला. जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण त्या दिवशी मी धुळ्यातच होतो, भाऊबंदांकडे. श्रावणातला कानबाईचा रविवार; खान्देशात ही देवी रविवारी घरोघरी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. तोंडात प्रसादाच्या रोटाचा घास आणि कानाला नाना.

"भाऊ, लगेच या. अक्का एन्टर दाबू देत नाही."

नाना माझं जुनं गिऱ्हाईक, देवपुरात घरातच व्हिडिओ एडिटिंग करतात. अक्का त्यांची बायको. नानांच्या मशीनवर दोन सिस्टीम होत्या, एक कामाची विंडोज आणि एक मुलीच्या अभ्यासाची लिनक्स. अशा मशीनला सुरू होताना विचारावं लागतं, कोणाला उठवू? हे विचारणारा दरवान म्हणजे बूट मॅनेजर. आधीचा दरवान काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांत विचारायचा आणि नानांना चष्मा सापडेपर्यंत स्वतःच निर्णय घेऊन टाकायचा. म्हणून मी चित्रांचा बूट मॅनेजर टाकला. मोठे आयकॉन, आणि एन्टर दाबेपर्यंत कितीही वेळ थांबायचं अशी सेटिंग. शिवाय आयकॉनांच्या मागे फोटो हवा म्हणाले. नानांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या कानबाईचा पाठवला, मी लावला. पायाशी डावीकडे विंडोजची खिडकी, उजवीकडे लिनक्सचा पेंग्विन. फार खूश होतो मी स्वतःवर.

पोहोचलो तर मॉनिटरला हळदकुंकू, गजरा, समोर समई. कानबाईची खरी स्थापना आत होती. पण आत जाणाऱ्या बाया बाहेरच्या खोलीत मॉनिटरलाही हात जोडत होत्या.

"अक्का, नुसतं एन्टर दाबायचं आहे."

"दाबं का देवी जाई ना? आज कानबाई बशेल शे. तिले उठाडू नका."

नाना मला कोपऱ्यात घेऊन गेले. शाळेतल्या एक बाई निवृत्त होत होत्या. जुन्या मुलांनी कुठून कुठून पाठवलेल्या निरोपांची फिल्म याच मशीनमध्ये होती, शेवटची जोडणी बाकी. कार्यक्रम उद्या सकाळी, विसर्जन त्यानंतर.

"भाऊ, मुलं अमेरिकेतून बोलली आहेत. बाईंना काय तोंड दाखवू?"

नानांचा चेहरा पाहवत नव्हता.

वायर काढून टीव्हीला लावावी, तर मॉनिटर काळा. एन्टर दाबावं, तर देवी गायब. मी येरझाऱ्या घालत होतो, बाया माझ्याकडे बघत होत्या. मग सुचलं. मॉनिटरला मागे दोन पोर्ट होते, म्हणजे दोन मशीनं जोडता येत होती. आरतीची तयारी चालली होती, तेवढ्यात दुसऱ्या पोर्टला माझा लॅपटॉप जोडला आणि कानबाईचा तोच फोटो त्यावर फुल स्क्रीन केला. आता मॉनिटरच्या बटणानं इनपुट बदललं की देवी इकडची तिकडे. पण मध्ये दोन क्षण अंधार. तेवढा वेळ सगळ्यांची नजर चुकवायची कशी?

आरती झाली. मी मॉनिटरमागे बोट बटणावर ठेवून उभा. इतक्यात अक्का म्हणाल्या, "डोया मिटा बठ्ठा जणी, देवीले मागणं मागा."

डोळे मिटले. मी बटण दाबलं. अंधार. मीही मागणं मागितलं. देवी परत आली.

शेजारीण सगळ्यात आधी डोळे उघडून म्हणाली, "अक्का, ते बदक कोठे गयं?"

माझ्या फोटोत पेंग्विन नव्हता!

"जेवाले गयं व्हई," अक्का म्हणाल्या. "तू पाया पड."

मी सीपीयू उचलून मागच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. विंडोज उठलं, नानांनी फिल्म जोडली, पेन ड्राइव्ह खिशात. मुलगी आता पुण्यात, तिचा स्वतःचा लॅपटॉप आहे. म्हणून नानांना विचारून बूट मॅनेजर काढूनच टाकला. म्हणजे सरळ विंडोज उठव असं मशीनला सांगितलं आणि दरवानाची फाइल पुसली. नाना म्हणाले, वॉलपेपरला तरी कानबाई लावा. मी केळीची बाग लावली. केळीच्या बागेला कोणी समई लावत नाही.

माझा लॅपटॉप मात्र विसर्जनापर्यंत अडकला. सोमवारी घ्यायला गेलो तेव्हा नाना कार्यक्रमाहून आले होते. बाई रडल्या, फिल्म दोनदा लावावी लागली. शिकलो एवढंच, की ज्या पडद्यावर एन्टर दाबायचं असतं त्यावर देव लावू नये.

नाना हळूच म्हणाले, "भाऊ, काय सफाई तुमची! अक्काला पत्तासुद्धा नाही."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मना डोया उघडाच व्हतात, भाऊ! बठ्ठ्यासले मिटाले मीच सांगं ना!"