टाकीवरच्या शंभर रेघा

उकंडा दारव्ह्याच्या प्रेसमध्ये बावीस वर्षं कापसाच्या गाठी बांधत होता. कापसाचा भाव बसला, मागोमाग प्रेस बसली, आणि २००६च्या उन्हाळ्यात तो राजूरजवळ कोळशाच्या थरातला वायू मोजायला लागला. काम सोपं होतं. पाण्यात पालथी घातलेली एक मोठी टाकी. बोअरमधला वायू आत शिरला की ती वर उठायची. तिच्या अंगावरच्या रेघा मोजायच्या आणि कपिल साहेबांना सांगायच्या.

साहेब इंजिनिअर, वयानं कोवळे, समजावून सांगायची भारी हौस. वर चाळीस पिंपं भरतात तेवढा वायू खाली एका पिंपाच्या जागेत दाबून बसलेला असतो, हे त्यांनी पाऊण तास वहीत गणित मांडून सांगितलं.

"म्हंजे गाठ," उकंडा म्हणाला. "पट्टी कापली का खोलीभर कापूस. वजन तेवढंच."

साहेबांनी वही मिटली.

शंभर रेघा भरल्या तर बोअर चालू राहणार होती आणि उकंडाला बारमाही नोकरी मिळणार होती. नाहीतर यंत्रांसकट सगळं बिऱ्हाड हलणार. मे महिन्यात, भर दुपारी, टाकी एकशेतीनवर गेली. साहेबांनी त्याला मिठीच मारली आणि नागपूरला कळवायला मोबाईल काढला.

ती नोकरी उकंडाला हवी होती, फार हवी होती. गप्प बसला असता तर कोणी हटकलंही नसतं.

"साहेब, टाकी उन्हात हाये. गादी उन्हात फुगते, पण तिच्यातला कापूस काही वाढत नाही."

साहेबांनी वही उघडली. आनंदाच्या भरात तापमानाचा रकाना कोराच राहिला होता. मग दोघांनी उकंडाच्या अंथरुणातली बारदानं ओली करून टाकीवर टाकली. संध्याकाळपर्यंत टाकी मुकाट्यानं शहाण्णववर उतरली. साहेबांनी शहाण्णव लिहिलं.

आठवड्याच्या आत यंत्रं गेली. उकंडा घरी परतला.

"काहून आले?" बायकोनं, तुळसाबाईनं, विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं.

"तुमाले कोणी इचारलं होतं काय?"

"नाही."

तिनं भाकर वाढली. मग त्याचं अंथरूण उलगडून पाहिलं. "आन माही बारदानं?"

"टाकीसंग नागपूरले गेली."

नोकरीबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. बारदानांवरून मात्र पोळ्यापर्यंत बोलत होती.