या नावाचं इथे कुणी नाही

मी सूड घेतला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पिकल्या केसांची बाई आठवणी लिहायला बसली की लोकांना वाटतं, आता ही सगळ्यांना माफ करत सुटणार. मी माफ केलेलं नाही. सासूबाई जाऊनही आता किती वर्षं झाली, तरी नाही.

लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले तेव्हा तो माझ्यासाठी परमुलूखच होता. आमचा सातारा इंग्रजांच्या अमलात आणि ग्वाल्हेर हे संस्थान. इथल्या पत्रांवरची तिकिटंसुद्धा वेगळी, इंग्रज राजाच्या तोंडावर ग्वाल्हेरचं नाव छापलेली. स्टेशनवरून पडावाचा पूल ओलांडून तांगा शहराच्या लष्कर नावाच्या भागात शिरला, तेव्हा कानावर एक मराठी शब्द पडेल तर शपथ. शेजारपाजारचे आम्हाला दक्खनी म्हणत. मी दक्षिणेची आहे, हे मला उत्तरेत आल्यावर कळलं.

घर नया बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात माणसं दोनच, माझे यजमान आणि त्यांची आई. सासरे दरबारच्या दप्तरात मोठ्या जागेवर होते, ते वारले होते, पण त्यांचा दरारा सासूबाईंनी जपून ठेवला होता. अस्सल मराठी आता फक्त ग्वाल्हेरच्या दरबारी घरांत उरली आहे, पुण्या-साताऱ्याकडे ती पार नासली, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आणि लगेच मला आत हाक मारत, "अगं जल्दी कर, सब्जी जळून राहिली आहे!" मी ओठ चावून हसू दाबायची. पहिल्या महिन्यात तेवढंच हसू वाट्याला आलं.

माझे यजमान बिजवर होते. पहिली बायको लग्नानंतर दीड वर्षातच तापाने गेली. हे माझ्या वडिलांना माहीत होतं, मलाही होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार पुढची आहे. गृहप्रवेशानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, तसं माझंही लिहिलं. नाव बरं होतं. माझं आधीचं नाव वडिलांनी हौसेने ठेवलेलं होतं, ते सुटलं, पण सगळ्याच मुलींचं सुटतं. पदरी पडलं ते पवित्र मानून मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मोरीत भांडी घासताना एका पितळी पातेल्याच्या काठावर मला माझं नवं नाव कोरलेलं दिसलं. मी हरखलेच. म्हटलं, काय हे कौतुक, तीन दिवसांत भांड्यांवर नाव! मग राख धुतली आणि पाहिलं, तर अक्षरं झिजलेली होती. तांब्यावर तेच, परातीवर तेच, पाण्याच्या हंड्यावर तेच. ती पहिलीच्या माहेराहून आलेली भांडी होती. नावही तिचंच होतं.

मी सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती फार गुणी होती. घरात तिचं नाव नांदतं राहिलं म्हणजे झालं. आणि भांडी काय दरवेळी नव्याने कोरायची?"

दरवेळी! म्हणजे मी गेले तर तिसरीलाही तेच. मी तिथून उठले आणि उरलेली भांडी घासली. दुसरं काय करणार होते?

यजमान स्वभावाने गरीब. एकदा मी त्यांना म्हटलं, निदान आपण दोघंच असताना मला माझ्या नावाने हाक मारा. ते दाराकडे बघून म्हणाले, "आईला ऐकू गेलं तर?" त्यानंतर ते मला कुठल्याच नावाने हाक मारीनासे झाले. नुसतं "अगं" म्हणत. त्यांच्या परीने त्यांनी तोडगा काढला होता.

एवढं मी गिळलं असतं. बायका याहून मोठं गिळतात. पण त्याच वर्षी, उन्हाळा सरता सरता, माझ्या वडिलांचं एक पत्र आलं. नव्या नावाने पत्र घालायचं, असं सासूबाईंनी त्यांना कळवलं होतं. वडील एरवी पाळायचेही. त्या दिवशी मात्र घाईत त्यांनी लेकीचं जुनं नाव लिहिलं, तोंडात बसलेलं. पोस्टमन जिन्यावरून ओरडला. मी गच्चीवर गहू वाळत घालत होते. सासूबाई दाराच्या चिकेआडून, बांबूच्या पडद्यामागून, त्याला म्हणाल्या, "इस नाम की यहाँ कोई नहीं है।" पत्र परत गेलं. हे मला पुढे पोस्टमननेच सांगितलं.

पत्रात लिहिलं होतं की आई अंथरुणाला खिळली आहे, तुझं नाव घेते आहे, निघून ये. मला हे कळलं ते दुसऱ्या पत्रातून, आणि ते पत्र आई गेल्याचं होतं. ते नव्या नावाने आलं होतं, त्यामुळे व्यवस्थित पोचलं.

मी सासूबाईंसमोर उभी राहिले. रडत नव्हते, एवढं आठवतं. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या वडिलांना साफ लिहिलं होतं. त्यांनी ऐकायला नको?" आणि मला सुतकाच्या अंघोळीचं पाणी काढून दिलं. त्या दिवशी मी त्यांच्यावर डूख धरला. आजही तो शब्द बदलावासा वाटत नाही.

पुढे संस्थान गेलं. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची लहानमोठी राज्यं मिळून एकच नवं राज्य झालं आणि सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला बसू लागलं. फायलींच्या पेट्यांबरोबर माझे यजमानही उन्हाळ्यात इंदूरला जात. घरात मी आणि सासूबाई. बाहेर एवढी उलथापालथ चालली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. भाजीवालीशी बोलतानाही त्या चिकेआड उभ्या राहत आणि दरबारच्या पंगतीत आमचं पान कितवं होतं ते तिला ऐकवत.

अशाच एका उन्हाळ्यात मतदारयादी करणारा माणूस आला. कुठल्याशा शाळेतला मास्तर होता, घामाने निथळत होता, हातात मोठं रजिस्टर. मी दार उघडलं, पाणी दिलं. सासूबाई चिकेआड. घरातल्या सज्ञान माणसांची नावं त्याने विचारली. यजमानांचं नाव मी घेणार नव्हते, म्हणून दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मग त्याने सासूबाईंचं विचारलं.

आतून आवाज आला, "लिखो, साहब की माँ."

"माताजी, आपका अपना नाम?"

"हमारे घर की औरतों के नाम बाज़ार में नहीं बाँटे जाते. लिखो जो कहा." आणि त्या पाय आपटत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मास्तरने कपाळ पुसलं, "माँ" असंच लिहिलं आणि मला हळूच म्हणाला, "बहनजी, ऐसे नाम काट दिए जाएँगे. सूची टाउनहॉल में टँगेगी. तब जाकर उनका नाम लिखवा देना, नहीं तो वोट नहीं पड़ेगा." मी म्हटलं, समझा दूँगी. त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं, देवाशपथ. त्याने पेन उचलून विचारलं, "और आपका?"

मी माझं नाव सांगितलं. माझं, वडिलांनी ठेवलेलं. कितीतरी वर्षांनी ते माझ्याच तोंडून निघालं आणि त्या परक्या माणसाने ते काही न विचारता लिहून घेतलं. दार लावलं, आणि तिथेच जिन्यापाशी मला सुचलं की सासूबाईंना काहीच सांगायचं नाही.

यादी लागली. मी टाउनहॉलवरून दोनदा गेले, एकदा दोऱ्याचं रीळ आणायला आणि एकदा उगाचच. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. यजमानांना इंदूरला पत्रात लिहिता आलं असतं. मी लिहिलं, इथे ऊन फार आहे, आईंची प्रकृती ठीक आहे.

आणि गंमत अशी, की मतदानाचं वेड आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त सासूबाईंनाच लागलं. नव्या सरकारला त्या रोज नावं ठेवत, पण आपल्याला कुणीतरी काही विचारणार आहे, यानेच त्या हरखल्या होत्या. मनात मांडे खात होत्या. "तुझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर मला भाजी कोणती करू एवढंही विचारलं नाही," त्या एकदा मला म्हणाल्या, "आता बघ, सरकार विचारून राहिलं आहे." मी भाकरी थापत होते. थांबले नाही.

मतदान थंडीत आलं. सासूबाईंनी पेटीतलं पांढरं चंदेरी लुगडं काढलं, शाल घेतली, शेजारणींना सांगून ठेवलं. टोपी बाजाराशेजारच्या शाळेत केंद्र होतं. पुरुषांची रांग पलीकडच्या दारी, यजमान तिकडे गेले. बायकांच्या रांगेत सगळी गल्ली उभी होती. सासूबाई पुढे, मी त्यांच्या मागे.

टेबलापाशी बाबूने नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "साहब की माँ." बाबू म्हणाला, इथे माँ-बिँ चालत नाही, नाव सांगा. मागच्या बायका बघू लागल्या. सासूबाईंनी खाली मान घालून सासरचं नाव सांगितलं. त्याने बोट फिरवत यादी पाहिली. नाही. म्हणाला, बाजूला व्हा, पुढच्यांना येऊ द्या.

मी पुढे झाले आणि माझं नाव सांगितलं. बाबूने लगेच यादीवर खूण केली आणि मोठ्याने ते नाव पुन्हा वाचलं.

सासूबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं होतं. त्यांना वाटलं, सरकारने बायकांची माहेरचीच नावं लिहून घेतली असणार. मला बाजूला सारून त्या टेबलाशी गेल्या आणि त्यांनी आपलं जन्माचं नाव सांगितलं. दहाव्या वर्षी त्या या घरात आल्या होत्या. तेव्हापासून ते नाव कुणी उच्चारलं नसेल. हनुवटी वर करून त्यांनी ते एवढ्या मोठ्याने सांगितलं की बाबूने दचकून वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, अगदी पोरीसारखा झाला होता.

बाबूने पुन्हा यादी पाहिली, मनापासून पाहिली. मग म्हणाला, "नहीं माताजी, इस नाम की यहाँ कोई नहीं है."

मी आत गेले, मत टाकलं आणि बोटावर शाई लावून बाहेर आले. सासूबाई शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. माझ्या काळजात थंड पाणी ओतल्यागत गारवा पसरला, आणि तो गारवा सुखाचा होता. कुणाला ऐकून वाईट वाटेल, वाटू दे.

तांग्यात त्या हळूच म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

चार दिवस सासूचे संपले, आणि ते आम्हा दोघींनाही कळलं. त्यानंतर त्यांनी मला त्या मेलेल्या बाईच्या नावाने कधी हाक मारली नाही. माझ्या नावानेही नाही. आम्ही एकमेकींना जेवायला वाढत राहिलो.

पुन्हा राज्यांची फेरमांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली आणि यजमान बाराही महिने तिकडे राहू लागले. त्यांना बिऱ्हाड मिळेपर्यंत आम्ही दोघी लष्करातच. त्या हिवाळ्यात सासूबाई आजारी पडल्या. दुपारी त्यांची खाट मी गच्चीवर उन्हात टाकायची. सगळं मीच करत होते, अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं. त्यात मी कसूर केली नाही, हेही लिहून ठेवते.

एका दुपारी मी पेज भरवत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "त्या दिवशी तू ऐकलं होतंस ना? आता कुणालाच माहीत नाही गं. माझ्या लेकालासुद्धा नाही. एकदा मला त्या नावाने हाक मार."

नाव माझ्या जिभेवर होतं. माझी आईही कुणाचं तरी नाव घेत गेली होती. मी चमचा त्यांच्या तोंडाशी नेला आणि म्हटलं, "आई, पेज थंड होते आहे."

त्यांनी तोंड उघडलं. सगळी पेज संपवली. चार दिवसांनी त्या गेल्या.

आता ते नाव जगात एकट्या मला ठाऊक आहे. आणि मी ते इथेही लिहिलेलं नाही.