पाच की आठ

इंजेक्शन ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. सिस्टर माझ्या सहीसाठी थांबली होती आणि मी बेरीज पुन्हा करत होते.

"मॅडम, पाच म्हणजे पाचच," आमच्या युनिटचे प्रमुख म्हणाले. "लो रिस्क. सुरू करा."

पेशंट पुष्पा, वय एकतीस, सिंदी रेल्वे गावची, घरचं किराणा दुकान. रक्तस्राव थांबत नव्हता. एक्स-रेमध्ये फुप्फुसात तीन डाग होते. गर्भाला पोसणारी वार ज्या पेशींपासून बनते, त्या कधी कधी गर्भारपण संपल्यावरही वाढत राहतात. त्यांची गाठ होते आणि ती रक्तातून पसरते. आहे हा कॅन्सरच, पण औषधाने बरा होण्यातला. प्रश्न असतो तो कोणतं औषध द्यायचं याचा.

त्यासाठी दोन हजार सालानंतर नवा तक्ता आला होता. वय, रक्तातलं हॉर्मोन, गाठीचा आकार, डाग किती आणि कुठे, शेवटचं गर्भारपण कसं संपलं आणि त्याला किती महिने झाले, अशा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज सहापर्यंत असेल तर एक औषध पुरतं. सात किंवा जास्त असेल तर पाच औषधं मिळून द्यावी लागतात. तिथे एकावर भागवलं तर गाठ त्या औषधाला सरावते आणि मधले आठवडे वाया जातात.

पुष्पाचे हॉर्मोनचे दोन, आकाराचा एक, डागांचा एक, असे चार झाले होते. "दोन महिन्याचं होतं, मांगच्या महिन्यात पडलं," असं सासूबाईंनी सांगितलं होतं. गर्भपाताचा एक धरून पाच.

"सर, हा गर्भपात पाहिलाय कुणी?"

"तिकडच्या डॉक्टरांनी पिशवी साफ केली ना?"

"केली, पण तपासायला काहीच पाठवलं नाही. लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणून गर्भ होता असं धरलं. पण ही गाठही तेच हॉर्मोन सोडते. गाठ आधीपासून असेल तरी टेस्ट पॉझिटिव्हच येणार."

सरांनी चष्मा काढला. "तासाभरात काय ते सांगा. तिच्या थुंकीत रक्त यायला लागलंय."

मी वॉर्डात गेले. सासूबाई खाटेला टेकून बसल्या होत्या.

"पुष्पा, मुलं किती तुला?"

"एक पोरगी. सात वर्साची," सासूबाई म्हणाल्या.

"मी पुष्पाला विचारतेय."

"एकच," पुष्पा भिंतीकडे बघत म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात तिची थोरली जाऊ वनिता लेकरू घेऊन बसली होती, लहान मुलांना वॉर्डात मनाई म्हणून. तेवढ्यात ते रडायला लागलं. त्याचं रडणं थांबेपर्यंत पुष्पाने खाटेचा लोखंडी दांडा सोडला नाही.

मी व्हरांड्यात जाऊन वनिताच्या शेजारी बसले.

"केवढ्याचा झाला?"

"नऊ महिन्याचा."

"पुष्पाचं शेवटचं बाळंतपण कधी झालं, वनिताताई? मला खरं कळलं नाही तर औषध चुकेल."

"चुकलं तं?"

"जाऊ शकते ती."

लेकरू तिच्या गळ्यातली पोत तोंडात घालत होतं. तिने ती सोडवली नाही.

"तुमी कागदावर लिहान?"

"लिहावंच लागेल. घरी कुणाला वाचून दाखवणार नाही."

"हा तिचाच हाय," ती म्हणाली. "तिच्या माहेरी झाला, आर्वीकडे. मले बारा वर्सं काई झालं नाई. बारशाच्या दिवशी तिनं माह्या ओटीत टाकला. देलेलं लेकरू मंग आपल्यात मोजत नाई, मॅडम. सासूबाईनं साऱ्यायले बजावलं, बाहेर बोलाचं नाई." मग तिने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "मी सांगतलं म्हून थे आता लेकरू परत मांगन का मले?"

मी कागद काढला आणि बेरीज पुन्हा मांडली.

पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाचे दोन, नऊ महिन्यांच्या अंतराचे दोन. आधीच्या पाचातला, कुणी न पाहिलेल्या गर्भपाताचा एक वजा. आठ.

सरांनी कागद पाहिला. "ते इंजेक्शन परत ठेवा," ते सिस्टरला म्हणाले. त्याच दुपारी पाच औषधांचा कोर्स सुरू झाला.

सिस्टरकडून आकडे कळल्यावर सासूबाई भडकल्या. "येवढं जड औषध काऊन? सकाळी पाच, दुपारी आठ! बाजारभाव हाय का?"

"हिशेब चुकला होता, मावशी. दुरुस्त केला."

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. तिला कळलं होतं.

पुढचे महिने कठीण गेले. केस गेले, तोंड आलं, दोनदा पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून डोस पुढे ढकलावा लागला. दर आठवड्याला हॉर्मोनचा आकडा येईपर्यंत मी घरीसुद्धा कुणाशी धड बोलत नसे. आकडा उतरत गेला, नॉर्मलवर आला आणि तिथेच राहिला. मग एक्स-रेही स्वच्छ झाला.

डिस्चार्जच्या दिवशी वनिता लेकरासकट दारातच थांबली होती. ज्युनिअर डॉक्टर कार्ड भरत होती. "मुलं किती?"

वनिताने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"एक पोरगी," पुष्पा म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "तुमच्या कागदावर दोन बाळंतपणं राहू द्या, मॅडम. थो तिचाच हाय."

आता मी पेशंटला मुलं किती, असं विचारत नाही. नातेवाइकांना बाहेर पाठवते आणि विचारते, दिवस किती वेळा गेले, आणि शेवटचे कधी.